अर्गिरिस मिस्त्रीची गोळी

ग्रीसमधल्या कावालाच्या बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा अर्गिरिस मिस्त्री बासष्ट वर्षं डॉक्टरच्या वाटेला गेला नव्हता, आणि गेला तो थेट बायकांच्या रांगेत जाऊन बसला.

झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो बनियन बदलत होता. त्याची बायको पोलिक्सेनी इस्त्रीचे कपडे ठेवायला खोलीत आली आणि दारातच थबकली.

"हे बोंड आत का ओढलं गेलंय रे?"

"कुठलं?"

"डावं. माझं असतं तर मी कधीच धावत गेले असते."

तिथं वाटाण्याएवढी गाठ आहे हे अर्गिरिसला चांगलं ठाऊक होतं. इंजिन सुरू करताना हँडल उलटून छातीवर बसलं होतं, त्याचाच हा मुका मार, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. पोलिक्सेनीनं बोट लावून पाहिलं आणि सरळ थेसालोनिकीच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. पुढच्या आठवड्यात दोघं थेसालोनिकीच्या बसमध्ये होती.

इस्पितळात भिंतीला लागून ओळीनं बायका बसलेल्या. कुणी विणत होतं, कुणी जपमाळ ओढत होतं. नर्सनं आडनाव पुकारलं, "पापाझोग्लू!" दोघं उठली.

"बाई, तुम्ही या. साहेब, तुम्ही इथंच बसा, नवऱ्यांना आत घेत नाही आम्ही."

"अहो, नवरा ती घेऊन आलीये," अर्गिरिस म्हणाला. "पेशंट मी आहे."

विणणाऱ्या बाईच्या सुया थांबल्या. नर्सनं कागद पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि ती कानापर्यंत लाल झाली. अर्गिरिसही झाला.

ईस्टर उलटल्यावर ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट झाली, बगलेपासून मधल्या हाडापर्यंत एक आडवी रेघ राहिली. जखम भरल्यावर डॉक्टर ख्रिसुलांनी दोघांना समोर बसवलं. बाई चाळिशीतल्या, बोलायला भराभरा, पण घाई केल्यासारख्या वाटायच्या नाहीत.

"गाठ पूर्ण निघाली. आता ती परत येऊ नये एवढंच बघायचं. तुमच्या गाठीच्या पेशी बायकांच्या हार्मोनवर पोसणाऱ्या होत्या. ते हार्मोन थोडंफार पुरुषाच्याही अंगात असतं. ही गोळी जाऊन त्या पेशींच्या दारात बसते. हार्मोन येतं, दार अडलेलं बघतं आणि परत जातं."

"म्हणजे डिझेल बंद नाही केलंत," अर्गिरिस म्हणाला. "डिझेल येतं त्या तोंडात बोळा कोंबलात."

"अगदी बरोबर. आणि तो बोळा पाच वर्षं काढायचा नाही. टॅमॉक्सिफेन, रोज एक गोळी."

"आणि इंजिन तापलं तर?"

डॉक्टर हसल्या. "तापणारच. अंगातून वाफा निघतील, घाम फुटेल, चिडचिड होईल. संसारात इच्छाही जरा मंदावेल, ते दोघांनी समजून घ्यायचं. पायाला सूज आली, दम लागला तर लगेच यायचं. बाकी कसलाही त्रास होवो, मला फोन करायचा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही."

अर्गिरिसनं मान डोलावली. मान डोलावण्यात तो पटाईत होता.

गावात त्यानं हर्नियाचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. खरी गोष्ट पोलिक्सेनीला माहीत आणि तिकडे मालवाहू जहाजावर असलेल्या मुलाला. त्या उन्हाळ्यात तो समुद्रात उतरलाच नाही. ज्या माणसानं जून ते ऑक्टोबर संध्याकाळची अंघोळ समुद्रात केली, तो शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून फिरू लागला. कोणी विचारलं, की म्हणायचा, टाका ओढतो.

आणि मग वाफा सुरू झाल्या. पोटातून काहीतरी पेटून वर चढायचं, छाती, गळा, कान, टाळू. मिनिटभरात शर्ट पाठीला चिकटायचा, आणि मग हुडहुडी. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात तो, पान्देलिस आणि लाझारोस अशी तिघांची तावलीची, म्हणजे फाशा-सोंगट्यांच्या खेळाची, बैठक गेली तीस वर्षं ठरलेली. पान्देलिसची मासेमारीची होडी होती आणि जीभ होडीपेक्षा लांब.

"मिस्त्री, तुझा रेडिएटर गळतोय," नोव्हेंबरातल्या थंडीत तो म्हणाला. "माझ्या सासूला असंच व्हायचं. तिनं आम्हाला चार वर्षं खिडक्या लावू दिल्या नाहीत."

"ब्लड प्रेशर आहे."

"सासूही तेच म्हणायची."

लाझारोस खोखो हसला. अर्गिरिसनं फासे जरा जोरातच आपटले. घरी येऊन पोलिक्सेनीवर उगाच ओरडला, की सूप खारट झालंय. ती म्हणाली, "सूप अळणी आहे. मीठ घालायचं विसरलेय मी." तो तसाच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

सहा जानेवारीला थिओफानियाचा सण आला. धर्मगुरू धक्क्यावरून क्रूस समुद्रात फेकतात आणि पोरं तो आणायला उड्या घेतात. अर्गिरिस सतराव्या वर्षापासून दर साली उडी घ्यायचा. क्रूस दोनदाच हाती लागला होता, पण उडी चुकली नव्हती. यंदा तो ओव्हरकोट घालून गर्दीत उभा होता. "मिस्त्री, आज कोरडाच?" असं चौघांनी विचारून झालं. क्रूस हवेत गेला, पोरं पाण्यात कोसळली, सगळीकडे शिट्ट्या, भोंगे, आणि नेमकं तेव्हाच त्याच्या पोटात पेटलं. त्यानं कोट उघडला, मफलर ओढून काढला, आणि हातातल्या प्रार्थनेच्या पत्रकानं वारा घेऊ लागला. आजूबाजूचे लोक थंडीनं पाय आपटत होते.

"सकाळी घेता की रात्री?" शेजारून आवाज आला.

पाहतो तर एवान्थियाबाई. पोस्टाच्या खिडकीमागे पस्तीस वर्षं बसून गावातल्या प्रत्येकाचं हस्ताक्षर ओळखणारी बाई. आता निवृत्त.

"काय घेतो?"

"गोळी."

"मला ब्लड प्रेशर आहे," अर्गिरिस म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "ब्लड प्रेशरवाले कोट असा उघडत नाहीत. मी चार वर्षं उघडतेय." आणि त्या पुन्हा पाण्याकडे बघू लागल्या.

अर्गिरिसनं गर्दीतून जी वाट काढली, ती सरळ घरी. पोस्टातल्या बाईला कळलं म्हणजे गावाला कळलं, असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीबरोबर गोळी हातात घेतली आणि तोंडाऐवजी खिशात घातली. वर्कशॉपमध्ये गेल्यावर ती नटबोल्टच्या डब्यात टाकली. त्या दिवसापासून रोज एक.

दोन-तीन आठवड्यांत वाफा ओसरल्या. शर्ट कोरडा राहू लागला. तावलीत तो लागोपाठ जिंकला. पान्देलिस म्हणाला, "रेडिएटर बदललास वाटतं," आणि अर्गिरिसही हसला. पण मजा अशी, की बरं वाटत असूनही बरं वाटत नव्हतं. नट शोधायला डबा उघडला, की तळाशी त्या पांढऱ्या गोळ्या दिसायच्या, आणि तो झाकण असं लावायचा, की जणू आतून कुणी बघत होतं.

शेवटी जानेवारीअखेर एके सकाळी तो एवान्थियाबाईंना गाठायला निघाला. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत ना, एवढंच विचारायचं होतं. घरी नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "या वेळेला कुठं असणार? कालामित्साच्या किनाऱ्यावर. पाण्यात."

खरंच पाण्यात होत्या. वाळूवर चिटपाखरू नाही, आणि समुद्रात गळाभर पाण्यात तीन बायका उभ्या, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, आणि गप्पा अशा रंगलेल्या, की जणू स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्यात.

"एवान्थियाबाई! जरा बोलायचं होतं!"

"मग या की!"

"बाहेर या ना तुम्ही!"

"आत्ताच अंगाला पाणी मानवलंय, आता मी अर्धा तास निघत नाही. बोलायचं तर आत या!"

अर्गिरिसनं मागे वळून कोणी बघत नाही ना ते पाहून घेतलं. मग त्यानं बूट काढले, पँट काढली, शर्ट काढला. बनियन आणि चड्डीवर तो पाण्यात शिरला. थंडीनं आधी श्वास अडकला, मग तोंडातून एक शिवी निघाली, आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, पाण्यानं त्याला उचललं. तो क्षणभर कशाला आलो तेच विसरला.

"ही मारूला, ही तासिया," एवान्थियाबाई म्हणाल्या. "तासिया तीन वर्षं दुसऱ्या गोळीवर आहे, तिची हाडं दुखतात. मारूलाला काहीही झालेलं नाही."

"मी फक्त गप्पांना येते," मारूला म्हणाली.

"तुम्ही कुणाला सांगितलंत का?" अर्गिरिसनं विचारलं.

"काय सांगायचं? तुम्हाला ब्लड प्रेशर आहे म्हणून?"

तिघी हसल्या. आणि कशी कोण जाणे, अर्गिरिसच्या तोंडून सगळी गोष्ट बाहेर पडली. गाठ, हर्निया, डबा, सगळं. दात कडकड वाजत होते, म्हणून तुकड्यातुकड्यानं.

एवान्थियाबाईंनी टोपी कानांवरून वर सारून ऐकून घेतलं. "मीही बंद केली होती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी. अकरा दिवस. मुलीच्या लग्नात चेहरा लालबुंद दिसायला नको म्हणून. फोटोत छान आलेय. पण त्या फोटोतली बाई घाबरलेली आहे, हे मला एकटीलाच कळतं."

"मग?"

"मग डॉक्टरकडे जाऊन बोलणी खाल्ली. त्यांनी वेळ बदलून दिली, वाफांसाठी वेगळी बारीक गोळी दिली. वाफा गेल्या नाहीत. कमी झाल्या. आणि मी इथं यायला लागले. पाण्यात वाफ आली ना, मिस्त्री, तर फार सुख वाटतं. बघालच."

"आधी तो बनियन काढा," तासिया म्हणाली. "ओला बनियन घालून वाऱ्यात उभे राहिलात, तर कॅन्सर राहील बाजूला आणि न्यूमोनियानं जाल."

अर्गिरिस घुटमळला. मग बाहेर येता येता, कंबरभर पाण्यात, पाठ फिरवून त्यानं बनियन डोक्यावरून काढला. वळला तेव्हा तिघी जणी डोळे बारीक करून त्याच्या छातीकडे बघत होत्या. कीव नव्हती त्या नजरेत. बाजारात कापड पारखताना असते तशी नजर होती.

"शिलाई सुरेख आहे," तासिया म्हणाली. "कुणी केलं?"

"थेसालोनिकीला. एक तरुण सर्जन होता."

"बघ, मी म्हणत होते थेसालोनिकीला जाऊ. माझ्या वेळी अथेन्सवाल्यानं पिशवीचं तोंड शिवावं तसं शिवलंय."

"पुरुषांना सोपं असतं," मारूला म्हणाली. "केस उगवले, की झाकून जातं."

अर्गिरिस इतका हसला, की त्याला ठसका लागला.

घरी पोचला तेव्हा ओठ जांभळे होते. पोलिक्सेनीनं टॉवेल आणला आणि ती त्याचे केस पुसू लागली. तो टॉवेलच्या आतून म्हणाला, "मी गोळी घेत नव्हतो."

"माहितीये."

त्यानं टॉवेल बाजूला केला. "कसं?"

"तू रात्री रजई फेकायचा थांबलास. इतके दिवस मी उबेत झोपले, आणि एवढ्या दिवसांत मला धड झोप लागलेली नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझ्यासमोर गिळली असतीस आणि मागे थुंकली असतीस. तुला ओळखत नाही का मी? तू सांगशील म्हणून वाट बघत होते. या रविवारपर्यंत. रविवारी मी डॉक्टरला फोन करणार होते आणि तुझं सामान वर्कशॉपमध्ये पोचतं करणार होते." आणि एवढं ठणकावून बोलल्यावर ती तिथंच स्टुलावर बसली आणि रडली. अर्गिरिस तिच्या गुडघ्याशी बसला. टॉवेल दोघांना पुरला.

डॉक्टर ख्रिसुला फारशा रागावल्या नाहीत. "तीन आठवड्यांनी जग बुडत नाही. पण असे खंड पडत गेले तर गोळीचा उपयोग उरत नाही. आजपासून सुरू करा, जेवणानंतर घेऊन बघा. वाफांसाठी हलकं औषध देते. आणि हे तुम्ही मला पहिल्याच महिन्यात का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"कशाची?"

आधी वाटायचं, की उत्तर फार मोठं आहे. आता शोधायला गेला तर काही हाती लागेना.

तेव्हापासून तो आठवड्यातून चार सकाळी कालामित्साला जाऊ लागला. गावात बोभाटा व्हायला किती वेळ? फेब्रुवारीत पान्देलिसनं कॉफीच्या दुकानात सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं.

"ऐकलंत का, आपल्या मिस्त्रीनं जनानखाना काढलाय! तीन बायका, त्याही भर समुद्रात!"

अर्गिरिसनं सोंगटी जागेवर ठेवली. "पान्देलिस, मला स्तनाचा कर्करोग झाला होता. डावा स्तन काढलाय. पाच वर्षं गोळी आहे, तिनं घाम येतो. त्यातल्या दोघी अशाच गोळीवर आहेत. खेळ, तुझी पाळी."

लाझारोसनं छातीवर क्रूसाची खूण केली. पान्देलिसचा जबडा खाली आला.

"पण तो तर बायकांना होतो."

"पुरुषालाही स्तन असतात. वर्षभरापूर्वी मलाही ठाऊक नव्हतं."

"आणि तो हर्निया?"

"हर्निया नव्हताच."

"म्हणजे मी तुझ्या हर्नियासाठी देवळात मेणबत्ती लावली ती फुकट गेली?"

आधी लाझारोस हसला, मग सगळेच. पान्देलिस तेवढा हसला नाही. त्या दिवशी तो लागोपाठ तीन डाव हरला आणि कुणाला काही न टोचता घरी गेला.

दोन दिवसांनी तो वर्कशॉपमध्ये आला. दार आतून लावलं. अर्गिरिसला वाटलं, होडीचा गिअरबॉक्स गेला असेल. पान्देलिसनं स्वेटर वर केला.

"हात लाव. इथं. उजव्या बाजूला. कोणाला बोललास तर जीव घेईन."

अर्गिरिसनं वंगणानं माखलेले हात पुसले आणि चाचपून पाहिलं. बोंडामागे काहीतरी गोल, मऊसर होतं. "कधीपासून?"

"वर्ष झालं. दोन असेल."

"आणि तू मला रेडिएटर म्हणत होतास."

"म्हणूनच म्हणत होतो रे. दुसऱ्याला हसलं, की आपली भीती विसरायला होते," पान्देलिस खालमानेनं म्हणाला.

अर्गिरिसनं त्याला स्वतः गाडीत घालून थेसालोनिकीला नेलं. त्याच भिंतीच्या कडेला दोघं बायकांमध्ये बसले. तपासण्या झाल्या. डॉक्टर ख्रिसुला म्हणाल्या, साधी गाठ आहे, वय आणि वजन, घाबरायचं कारण नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या. पान्देलिस बाहेर आला तो ताठ मानेनं, आणि परतीच्या रस्त्यावर त्यानं दोघांसाठी भाजलेल्या सार्डिनची दोन ताटं मागवली आणि दोन्हीतली मोठी सार्डिन स्वतःच खाल्ली. त्यानंतर बंदरावर कोणी छातीला हात लावून खाजवलं, की तो दरडावायचा, "खाजवतोस काय? चाचपून बघ!"

वाफा अजूनही येतात. दिवसाकाठी एखाद-दुसरी. रात्री रजई उडते, पोलिक्सेनी झोपेतच ती ओढून स्वतःवर घेते. बाकी ज्या गोष्टी डॉक्टरांनी दोघांनी समजून घ्यायच्या म्हणून सांगितल्या होत्या, त्या ते दोघं समजून घेतात. हातात हात घेऊन पडून राहतात, कधी हसतात, कधी त्याहून जास्तही जमतं.

पुढचा ऑगस्ट आला तेव्हा कालामित्साचा किनारा छत्र्यांनी भरून गेला होता. अर्गिरिस उघड्या अंगानं पाण्यातून निथळत बाहेर आला आणि टॉवेलवर बसला. पाच-सहा वर्षांची एक चिमुरडी हातात बादली घेऊन समोर येऊन उभी राहिली. तिनं त्याची छाती नीट निरखली, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"आजोबा, तुमचं एक कुठे गेलं?"

तिची आई लांबून हाका मारत धावत निघाली. अर्गिरिसनं हातानंच तिला राहू दे म्हणून खुणावलं.

"थेसालोनिकीला राहिलं," तो म्हणाला.

"विसरलात?"

"नाही. मुद्दाम ठेवून आलो. त्रास देत होतं."

मुलीनं उजवीकडे बोट दाखवलं. "दुसरं शहाणं आहे?"

"आतापर्यंत तरी आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि बादली भरायला पाण्याकडे पळाली. मागून पोलिक्सेनी छत्रीखालून ओरडली, की कलिंगड कापलंय, येतोस की सगळं मीच संपवू. अर्गिरिस गुडघ्यावर हात टेकून उठला आणि वाळू झाडत तिच्याकडे निघाला.